तापात तोंड आलं तर मेडिकलमधून काय आणावं: एका गुळण्यांच्या औषधाचा आणि काही ट्यूबांचा अनुभव

ज्या बाटलीवर ‘बेंझिडामिन हायड्रोक्लोराइड ०.१५ टक्के’ असं छापलेलं असतं, त्या गुळण्यांच्या औषधाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण चवीचा कापला आहे, त्याबद्दल पुढे सांगते. मी साताऱ्यात राहते, शाळेत मराठी शिकवते, आणि पावसाळ्यात फ्लू झाला की त्याच्या मागोमाग माझं तोंड येतं. कॉलेजात असल्यापासूनचा हा क्रम आहे. त्यामुळे तोंड आल्यावर काउंटरवर जे जे मिळतं ते जवळजवळ सगळं मी लावून, चघळून आणि थुंकून पाहिलं आहे. खाली लिहिते आहे ते स्वतः वापरलेलं, घरातल्यांसाठी आणलेलं आणि आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमना खोदून खोदून विचारलेलं.

आपल्याकडे फ्लूची एक लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी थंडी सरताना. यंदा वर्गातली मागची बाकं आधी खोकायला लागली, मग पुढची, आणि मग मी पडले. पहिले दोन दिवस ताप, अंगदुखी, घसा. ताप उतरायला लागला आणि नेमकं तेव्हाच खालच्या ओठाच्या आत काहीतरी खरखरीत लागायला लागलं. दुसऱ्या सकाळी तिथे पांढरट-पिवळा खड्डा, भोवती लाल कडं. मग जिभेच्या कडेला एक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जिभेखाली एक. बोलण्यावर पोट असलेल्या माणसाला जिभेखालचा फोड फार छळतो. ‘त’ आणि ‘द’ म्हणताना जिभेचं टोक दातांना लागतं, तेवढं सोसता येतं. पण ‘ळ’ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते, खालचा भाग ताणला जातो आणि डोळ्यांत पाणी उभं राहतं. फळा, शाळा, वेळ, ओळ, हे शब्द टाळून शिक्षकाने तास कसा घ्यायचा?

जेवणाचंही तेच. आमच्या घरी रात्री जोंधळ्याची भाकरी असते. तिचा कडक पापुद्रा फोडाला घासला की घास हातातच राहतो. आमटीत जरासं आंबट पडलं तरी पुढचा अर्धा तास तोंडाची आग. आधीच तापाने अंगात त्राण नसतं, त्यात खाणं बंद. त्यामुळे तोंड येणं ही काही मोठी गोष्ट नाही, आपोआप जाईल, असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. आपोआप जातं हे खरं. साधे फोड आठवडा-दोन आठवड्यांत भरून येतात. पण ते दिवस उपाशी का काढायचे?

एक गोष्ट मॅडमनी मला नीट समजावली. माझे हे फोड म्हणजे फ्लूच्या विषाणूने तोंडात केलेल्या जखमा नाहीत, आणि ते एकाचे दुसऱ्याला लागतही नाहीत. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा तोंडातल्या नाजूक अस्तरावर उलटते. ताप, जागरण, उपासमार अशा वेळी ज्यांची तशी प्रवृत्ती आहे त्यांना ते उठतात. भरीला नाक चोंदलेलं असतं, म्हणून रात्रभर उघड्या तोंडाने श्वास घेतला जातो आणि लाळ सुकते. लाळ हेच तोंडाचं पांघरूण आहे, ती आटली की साधा दात लागला तरी ओरखडा उठतो. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये क्लोरफेनिरामिनसारखं औषध असतं, त्यानेही तोंडाला कोरड पडते. हे कळल्यापासून तापात उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि रात्री जाग आली की दोन घोट घेते. याने फोड थांबले असं म्हणणार नाही, पण पहाटे जीभ टाळूला चिकटलेली असायची ते बंद झालं.

आता ट्यूबांकडे येते. “दादा, तोंड आलंय, काहीतरी द्या,” म्हटलं की बहुतेक दुकानांत एकच जेल पुढे येते. “ताई, ही लावा, दोन दिवसांत बरं.” सोबत बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची पट्टी. ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचली तर आत असतं कोलीन सॅलिसिलेट आणि बेंझाल्कोनियम क्लोराइड. पहिलं दुखणं कमी करतं, दुसरं जंतुनाशक. लावल्या लावल्या चर्रकन झोंबतं, तोंडात लाळ सुटते, मग थोडा वेळ बरं वाटतं. अडचण अशी की जेल टिकत नाही. लाळेबरोबर वाहून जाते आणि थोड्याच वेळात परत पहिल्यासारखं. ओठाच्या आतल्या फोडाला ठीक, कारण तिथे बोट पोचतं आणि ओठ धरून ठेवता येतो. जिभेखालच्या फोडाला अजिबात नाही. मोठ्या माणसाच्या किरकोळ फोडासाठी मी याला अडीच गुण देईन. लहान मुलांसाठी मात्र शून्य, त्याचं कारण गंभीर आहे आणि माझी पुतणी चिमी हिच्या निमित्ताने पुढे येईलच.

दुसरी ट्यूब मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिली, ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के, तोंडात लावायची पेस्ट. हे स्टिरॉइड आहे, म्हणून स्वतःच्या मनाने आणू नये. पण साध्या, गोल, लाल कडेच्या फोडांना हे खरंच लागू पडतं, विशेषतः फोड नुकताच उठत असताना लावली तर. लावण्याची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते. आपण मलम म्हटलं की चोळतो. ही पेस्ट चोळली की तिचे रवाळ कण होतात आणि सगळं निघून येतं. कापसाने किंवा स्वच्छ रुमालाने फोडाची जागा आधी हलकेच टिपून कोरडी करायची, वाटाण्यापेक्षाही कमी पेस्ट बोटावर घ्यायची, फोडावर टेकवायची आणि बोट काढून घ्यायचं. थोड्या वेळाने तिचा गुळगुळीत पातळ पापुद्रा तयार होतो आणि फोड झाकला जातो. जेवणानंतर आणि मुख्य म्हणजे झोपताना लावावी, कारण रात्री बोलणं-खाणं नसतं. मी रात्री लावते आणि सकाळी तो खड्डा कमी ठणकतो, हा दर वेळचा अनुभव आहे. आठवडाभरात फरक पडला नाही तर लावत बसू नका, दाखवा, असं मॅडमनी बजावलं आहे. चार गुण. जिभेच्या कडेला ती नीट बसत नाही, म्हणून एक कमी.

आणि आता ती बाटली. आमच्याकडची हिरवट रंगाची होती. बेंझिडामिन १९६० च्या दशकात इटलीत तयार झालेलं औषध आहे. सूज आणि दुखणं कमी करतंच, वर जिथे लागतं तिथे जरा बधिरता आणतं. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना ज्यांचं तोंड आतून सोलवटून निघतं, त्यांनाही डॉक्टर याच गुळण्या देतात. ते कळल्यावर माझा या औषधावरचा विश्वास वाढला. ज्या तोंडाला पाणीसुद्धा लागतं त्याला जे चालतं ते मला नक्कीच चालेल.

वापरायचं असं: झाकणाने किंवा मापाने १५ मिली घ्यायचं, तोंडात २०-३० सेकंद सगळीकडे फिरवायचं आणि थुंकायचं. गिळायचं नाही. दुखत असेल तर दीड ते तीन तासांनी परत घेता येतं. घसाही दुखत असेल तर मान मागे टाकून गुळणी करायची. फ्लूत घसा आणि तोंड दोन्ही एकदमच गेलेली असतात, आणि इथेच ही बाटली सगळ्या ट्यूबांना मागे टाकते. बोट न पोचणाऱ्या जागी हे पोचतं, म्हणजे जिभेखाली, गालाच्या मागे, पडजिभेच्या दोन्ही बाजूंना. जेवणाच्या दहा मिनिटं आधी गुळणी केली की मी मऊ भात, तूप आणि मुगाचं वरण सुखाने खाऊ शकते. शाळेत जाताना छोट्या बाटलीत घालून नेते आणि मधल्या सुट्टीत एकदा घेते. त्या तासाला ‘ळ’ नीट येतो.

आता तक्रारी. चव औषधी, थोडी कडवट, आणि पुदिन्याचा वास मागे रेंगाळतो. त्यानंतर प्यायलेला चहा चहासारखा लागत नाही. फोड अगदी ताजा आणि खोल असेल तर पहिल्या गुळणीला झोंबतं. अशा वेळी तेवढंच पाणी मिसळून घ्यायला मॅडमनी सांगितलं आणि ते जमलं. तोंड बधिर असताना कढत काही पिऊ नका, भाजलेलं कळत नाही. ॲस्पिरिन किंवा तशा वेदनाशामक गोळ्यांची ॲलर्जी असेल, दमा असेल, तर घेण्याआधी डॉक्टरांना सांगा. आठवड्याच्या पुढे मनाने चालू ठेवू नका. आणि ज्या मुलांना गुळणी करून थुंकता येत नाही त्यांच्यासाठी हे नाहीच. बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. बाटली आणि पेस्टची ट्यूब दोन्ही मिळून मला चारशेच्या आत पडली, आणि पावसाळाभर पुरली.

चिमीचं सांगते. ही माझ्या जाऊबाईंची मुलगी, बालवाडीत जाते. ऑगस्टमध्ये तिला जरासा ताप आला, नाक वाहायला लागलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दुधाचा पेला तोंडाला लावून बाजूला सारायला लागली. हनुवटीवरून लाळ गळत होती, गिळतच नव्हती. जाऊबाई दुकानात गेल्या आणि तिथून तीच कोलीन सॅलिसिलेटची जेल घेऊन आल्या. “वहिनी, हिला लावू का?” त्यांनी ट्यूब माझ्यापुढे धरली. मी म्हटलं, “आधी डॉक्टरांकडे जाऊ.” तोवर तळहातांवर आणि तळपायांवर लालसर पुरळ दिसायला लागलं होतं, कुल्ल्यांवरही. बालरोगतज्ज्ञांनी टॉर्च मारून घसा पाहिला आणि लगेच ओळखलं, हात-पाय-तोंडाचा आजार.

हा कॉक्ससॅकी गटातल्या विषाणूंचा आजार. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्ससॅकी या गावातल्या मुलांच्या नमुन्यांत हे विषाणू पहिल्यांदा सापडले, म्हणून हे नाव. पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त होतो. २०२२ साली केरळात मुलांमध्ये ‘टोमॅटो फ्लू’ आला म्हणून बातम्यांचा गाजावाजा झाला होता, तोही याच आजाराचा प्रकार होता. खोकला-शिंकेतून, लाळेतून, फोडांच्या पाण्यातून आणि शौचावाटे पसरतो. शौचातून विषाणू काही आठवडे बाहेर पडत राहतो. डॉक्टरांनी एक फार उपयोगाची गोष्ट सांगितली. या विषाणूवर हाताला चोळायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. त्या दिवसापासून मोरीतला साबण चिमीच्या हाताला येईल इतका खाली ठेवला.

जेल पाहून डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. सॅलिसिलेट हा ॲस्पिरिनच्याच घराण्यातला पदार्थ. फ्लू किंवा कांजिण्यांसारख्या विषाणूंच्या आजारात मुलांना ॲस्पिरिन दिलं तर क्वचित राय सिंड्रोम होतो. त्यात यकृत आणि मेंदूवर आघात होतो आणि मूल दगावूही शकतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००९ मध्ये सांगून टाकलं की सॅलिसिलेट असलेल्या तोंडाच्या जेल १६ वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत. हे क्वचित घडतं म्हणून सोडून देण्यासारखं नाही, कारण ज्या मुलाचं तोंड तापात आलं आहे त्याला विषाणूचाच आजार असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणजे ही जेल ज्या वेळी आईच्या हातात पडते, नेमक्या त्याच वेळी ती लावायची नसते. ज्या दुकानातून ती आली तिथे मुलाचं वय कुणी विचारलं नव्हतं. मला याचा मनापासून राग येतो. बधिर करणाऱ्या इतर जेलही लहान बाळांच्या हिरड्यांना लावल्या जातात. बेंझोकेन असलेल्या जेल दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नयेत अशी सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिली, कारण त्यामुळे रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद एकाएकी घसरू शकते. ट्यूबच्या मागची अक्षरं वाचा, चष्मा लावून वाचा.

मग चिमीला काय दिलं? वजनानुसार पॅरासिटामॉल, आणि गार पातळ पदार्थ. मुलाच्या तोंडातल्या फोडांपेक्षा पाणी न पिण्याचा धोका मोठा असतो. लघवी किती वेळा होते, रडताना डोळ्यांतून पाणी येतं का, जीभ ओली आहे का, हे पाहायला सांगितलं होतं. लिंबू सरबत, संत्र्याचा रस बंद. फ्रिजमधलं दूध, नारळपाणी, थंड केलेली भाताची पेज, साखर-मिठाच्या भुकटीचं पाणी गार करून चमच्याने. आणि कंदी पेढा गार दुधात पूर्ण कुस्करून. हे मात्र तिने मागून घेतलं. आठवडाभरात पुरळ सुकलं. पुढे काही आठवड्यांनी तिच्या दोन बोटांची नखं मुळापासून सुटायला लागली आणि घरात परत घाबरगुंडी उडाली. या आजारानंतर काही मुलांची नखं अशी गळतात आणि खालून नवी येतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जाऊबाईंच्या जिवात जीव आला. कुणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र जागून काढावी लागली नसती, म्हणून मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

धाकट्या भावजींची तऱ्हा वेगळी. त्यांना तापानंतर दर वेळी ओठाच्या कडेवर जर उठतो, पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा झुपका, मग खपली. हा हर्पीसचा विषाणू. लहानपणीच बहुतेकांच्या शरीरात शिरतो, चेहऱ्याच्या नसेच्या मुळाशी दडून बसतो आणि ताप, ऊन, दगदग झाली की बाहेर येतो. त्याला माझी स्टिरॉइडची पेस्ट लावायची नाही, उलट विषाणूला मोकळं रान मिळतं. त्याला ॲसायक्लोविर ५ टक्के क्रीम, दिवसातून पाच वेळा, आणि तेही ओठ चुरचुरायला लागताक्षणी. खपली धरल्यावर लावून काही हाती लागत नाही. वेळेवर लावलं तरी बरं होण्यातला साधारण एखादा दिवस वाचतो, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. ज्या गर्ट्रूड एलियन बाईंच्या संशोधनातून हे औषध निघालं, त्यांना १९८८ चं नोबेल मिळालं. अशा फोडांच्या दिवसांत तान्ह्या बाळाचा मुका अजिबात घ्यायचा नाही, बारशाला गेलात तरी लांबूनच. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेततो. फोडाला लावलेलं बोट डोळ्यालाही लावू नये.

सासूबाईंना दम्यामुळे श्वासातून घ्यायचा पंप आहे. खोकला वाढला की पंप वाढतो आणि मग जिभेवर दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके येतात, पुसले की निघतात, खाली लाल. ती बुरशी. तिच्यावर क्लोट्रिमाझोल १ टक्क्याचं तोंडात लावायचं औषध चांगलं चालतं, पण पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली तर बहुतेक वेळा ते आणावंच लागत नाही. “आई, चूळ,” एवढं आता घरातलं कुणीही ओरडून सांगतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या उन्हाळ्यात, साखर वाढलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या लोकांच्या टाळूवर काळे डाग यायला लागले होते, ते कोण विसरेल? तेव्हा महाराष्ट्रात कितीतरी घरांनी म्युकरमायकोसिसचं, म्हणजे काळ्या बुरशीचं, नाव पहिल्यांदा ऐकलं. टाळू काळी पडली, चेहऱ्याची एक बाजू सुजली किंवा बधिर झाली, तर कुठल्याही ट्यूबला हात न लावता त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं.

आणखी एक गोष्ट मला सांगायलाच हवी. आमच्या गल्लीतल्या एक काकू मिश्री लावायच्या. गालाच्या आत एक फोड, कडा जाड, दुखतही नव्हता. तापानंतर आला, जाईल, म्हणत त्या जेल लावत राहिल्या, ट्यूबमागून ट्यूब. तीन आठवड्यांत न भरलेला फोड दाताच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचाच, हा नियम मॅडम प्रत्येक पेशंटला सांगतात. काकूंना मी हाताला धरून नेलं. तुकडा काढून तपासला, बदल सुरू झाले होते पण कर्करोग नव्हता. मिश्री सुटली. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण मिश्रीचा डबा घराघरात फडताळावर असतो आणि त्याला कुणी तंबाखू म्हणतच नाही.

घरगुती उपायांना मी नाव ठेवत नाही. जाईची कोवळी पानं चावून थुंकायची, हे आजीने शिकवलं. तुरट चव, तोंड स्वच्छ वाटतं, फोडाभोवतीची आग जरा कमी होते. ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली की लाळ सुटते आणि घशालाही बरं वाटतं, पण रक्तदाबवाल्यांनी ती रोज चघळू नये. साजूक तूप फोडावर लावलं की भाकरी घासत नाही, निदान दोन घास. मध लावतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध बोटभरही चाटवू नका. तुरटीने माझं तोंड फार आकसलं, परत केली नाही. मिठाच्या गुळण्या घशाला चांगल्या, उघड्या फोडाला मात्र शिक्षा.

बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांबद्दल लोक फार विश्वासाने बोलतात. शरीरात बी-१२, फोलिक ॲसिड किंवा लोह कमी असेल तर तोंड वारंवार येतं हे खरं, आणि ते रक्त तपासून कळतं. माझं तपासलं तेव्हा बी-१२ ठीक निघालं. म्हणजे मला त्या गोळ्यांनी लघवी पिवळी होण्यापलीकडे काही मिळत नव्हतं. क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश हिरड्यांसाठी उत्तम, फोडात जंतू जाऊ नयेत म्हणूनही देतात, पण चहा पिणाऱ्यांचे दात त्याने तपकिरी होतात आणि टूथपेस्टनंतर लगेच घेतलं तर त्याचा जोर जातो, मध्ये अर्धा तास सोडावा. दुखणं थांबवण्यासाठी ते नाही. टूथपेस्टचं एक सांगते. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली पेस्ट मी घेते आहे. काहींचे फोड त्याने कमी उठतात. फोड आल्यावर घासताना झोंबणं कमी झालं, एवढं माझ्यापुरतं खात्रीने म्हणते.

घ्यायचं असेल तर बाटलीची मुदत पाहा, फोडल्याची तारीख झाकणावर पेनाने लिहा, आणि तापात घरातल्या सगळ्यांनी एकाच झाकणातून गुळण्या करू नका, प्रत्येकाची वाटी वेगळी ठेवा. आमच्या भागातल्या छोट्या दुकानांत हे औषध नेहमी नसतं, पोवई नाक्याकडच्या मोठ्या मेडिकलांत मिळतं. ‘तोंड आल्याचं औषध’ म्हणून मागितलं तर परत तीच जेल हातात येते, म्हणून मी दादांना चिठ्ठीवर लिहूनच देते: बेंझिडामिन, पॉइंट पंधरा टक्के, गुळण्यांचं. नसलं तर ते दुसऱ्या दिवशी मागवून देतात.